बेळगावच्या विकासाचा पैसा : नगरपालिका, बुडा आणि स्मार्ट सिटी कंपनी

बेळगावात रस्ता उखडला की शिव्या महापालिकेला बसतात. पण तो रस्ता महापालिकेनेच केलेला असतो असे नाही. टिळकवाडीतला एखादा रस्ता स्मार्ट सिटी कंपनीचा, त्याच्या पोटातली पाण्याची पाईप केयूआयडीएफसी या राज्य सरकारच्या कंपनीमार्फत आलेल्या कर्जाची, पुढच्या वळणावरची नवी वसाहत बुडाची, म्हणजे बेळगावच्या नागरी विकास प्राधिकरणाची, आणि कॅम्पात पाऊल टाकले की कॅन्टोन्मेंट बोर्ड. प्रत्येकाची तिजोरी वेगळी, कायदा वेगळा, हिशेब मागायची जागाही वेगळी. ही वाटणी कशी झाली हे कळल्याशिवाय कुणाला जाब विचारायचा ते कळत नाही. म्हणून हा इतिहास जरा तपशिलात लिहितो आहे.

बेळगावची नगरपालिका १८५१ सालची. पट्टी गोळा करायची, दिवाबत्ती, पाणी, झाडलोट बघायची, एवढाच तिचा आवाका. शहराचा एखादा भाग पाडून नव्याने वसवायचा तर त्यासाठी लागणारा पैसा नगरपालिकेच्या पट्टीतून कधीच निघत नाही, हे त्या काळातच लक्षात आले होते. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. कर्ज उभारायचे, दाट वस्तीतली जमीन घ्यायची, रुंद रस्ता काढायचा, रस्त्याकडेच्या जमिनीचा भाव चढला की ती भाड्याने किंवा विकून कर्ज फेडायचे, असा त्याचा हिशेब. लोकांनी निवडून दिलेल्या पालिकेच्या बाहेर, नेमलेल्या लोकांचे मंडळ आणि त्याच्या हाती जमीन व पैसा, ही कल्पना आपल्याकडे तिथून रुजली. तो ट्रस्ट १९३३ साली मुंबई महापालिकेत विलीन झाला, पण कल्पना टिकली.

मुंबई इलाख्यात दुसरी एक पद्धत होती, १९१५ च्या नगररचना कायद्याची. तिच्यात जमीन विकत घेतली जात नाही. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र मांडतात, रस्ते आणि मोकळ्या जागा काढतात, आणि उरलेल्यातून प्रत्येकाला थोडा लहान पण चौकोनी, रस्त्याला लागलेला प्लॉट परत देतात. वाढलेल्या किमतीचा काही भाग, जास्तीत जास्त निम्मा, सुधारणा आकार म्हणून घेतात. त्यातून गटारे आणि रस्ते होतात. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यामुळे हा कायदा आपल्याला परका नव्हता. आजही शहराच्या जुन्या भागात सीटीएस (शहर भूमापन) नंबर आणि प्रॉपर्टी कार्ड चालते, तो मुंबईकडचाच वारसा.

म्हैसूर संस्थानाची रीत निराळी. तिथे १९०३ च्या कायद्याने सुधार मंडळ आले, जमीन संपादन करायची आणि साईट, म्हणजे घरांचे प्लॉट, पाडून वाटायच्या. राज्य पुनर्रचनेनंतर हीच रीत सगळ्या राज्याची झाली. १९६१ चा नगर व ग्राम नियोजन कायदा, १९७६ चा सुधार मंडळांचा कायदा आणि शेवटी १९८७ चा कर्नाटक नागरी विकास प्राधिकरण कायदा. आपली बुडा या शेवटच्या कायद्याखाली चालते. जमिनी एकत्र करून परत देण्याचे प्रकरण १९६१ च्या कायद्यातही आहे, पण ते कागदावरच राहिले. माझ्या मते बेळगावच्या शेतकऱ्यांशी झालेल्या निम्म्या भांडणांचे मूळ इथे आहे. पूर्ण जमीन काढून घेणे आणि थोडी कापून बाकीची परत देणे यात जमीनमालकाच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

बुडाचा हिशेब नीट समजून घ्या, कारण तिला वर्षाकाठी सरकारचे मोठे अनुदान येत नाही. तिचा पैसा साईटच्या विक्रीचा, कोपऱ्यावरच्या साईटच्या लिलावाचा, खासगी लेआऊटच्या मंजुरी शुल्काचा आणि जमीनवापर बदलाच्या शुल्काचा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. लेआऊटमध्ये साधारण ५५ टक्के जागा घरांच्या साईटला, १० टक्के बागेला, ५ टक्के नागरी सुविधेला आणि उरलेली रस्त्यांना जाते. म्हणजे एकरातून सुमारे २४,००० चौरस फूट विकण्याजोगे. ३० बाय ४० ची साईट १,२०० चौरस फुटांची, तेव्हा एकरात जेमतेम २० साईट. शेतकऱ्याला रोख भरपाईऐवजी विकसित जागेत ५०:५० हिस्सा द्यायचा ठरला तर त्याला एकरामागे १२,००० चौरस फूट, म्हणजे साधारण ११ गुंठे. ‘निम्मी जमीन परत मिळणार’ असे गावात सांगितले जाते ते खरे नाही. निम्मे मिळते ते साईटखालच्या क्षेत्राचे. ४० गुंठे देणाऱ्याने हा आकडा आधी मांडून मगच सही करावी.

दुसऱ्या बाजूने बुडाचेही बघा. उरलेल्या १० साईटच्या पैशातून पूर्ण एकराचे रस्ते, गटार, पाणी, वीज, ड्रेनेज करायचे. नागरी सुविधेच्या जागा विकता येत नाहीत, त्या शाळा, दवाखाना, संस्था यांना ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने जातात. म्हणून योजना लांबली की गणित बिघडते. कामाचा दर वाढतो, भरपाईची मागणी वाढते आणि साईटचा भाव सामान्य माणसाच्या हाताबाहेर जातो.

कायद्यात हे लांबणे रोखायची तरतूद आहे. कलम १७ खाली प्राथमिक अधिसूचना निघते, हरकती येतात, सरकारची मंजुरी मिळाली की कलम १९ खाली अंतिम अधिसूचना. त्या तारखेपासून पाच वर्षांत योजना बऱ्यापैकी पुरी झाली नाही तर कलम २७ प्रमाणे ती बाद होते. कोर्टात जाणारे शेतकरी बहुतेक याच कलमाचा आधार घेतात, आणि बुडा ‘स्थगिती होती म्हणून काम करता आले नाही’ असे उत्तर देते. कणबर्गीची योजना क्रमांक ६१ कित्येक वर्षे शेतकरी आणि प्राधिकरण यांच्यात अडकून पडली, ती बेळगावात सगळ्यांना ठाऊक आहे. अशा योजनेत नाव असलेल्याने दोन तारखा पाठ ठेवाव्यात, कलम १९ च्या राजपत्राची आणि आपल्या सर्व्हे नंबरचा ताबा घेतल्याच्या पंचनाम्याची. उताऱ्यावर शेरा चढला म्हणजे ताबा गेला असे समजून लोक गप्प बसतात. शेरा आणि ताबा या वेगळ्या गोष्टी आहेत.

खासगी लेआऊटचा मार्ग कलम ३२ चा. मालकाने स्वतःच्या खर्चाने रस्ते, गटार, पाणी, वीज करायची, आणि काम जसजसे होईल तसतशा साईट विक्रीला मोकळ्या व्हायच्या. पुढे लेआऊट महापालिकेकडे हस्तांतरित व्हायला हवा. ही शेवटची पायरी राहून जाते. मग रहिवासी वर्षानुवर्षे पट्टी भरतात आणि खड्डा बुजवायला सांगितले की ‘लेआऊट आमच्याकडे आलेला नाही’ असे ऐकतात. साईट घेताना मंजूर नकाशा सगळेच बघतात. हस्तांतराचे पत्र मागणारा विरळाच. नुसत्या बाँड पेपरवर, नोंदणीकृत खरेदीखताशिवाय घेतलेल्या गुंठ्याच्या प्लॉटची गोष्ट तर त्याहून अवघड. ३३ बाय ३३ चा तुकडा, समोर १०-१२ फुटांची बोळ, कुणीच विकास शुल्क भरलेले नाही. तिथे गटार घालायची वेळ आली की पैसा जातो तो शहराच्या पट्टीतून.

१९८४ साली बेळगावची महानगरपालिका झाली. नाव मोठे झाले, उत्पन्न त्या मानाने वाढले नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि सरकारी अनुदान यांतून पगार, कचरा आणि दिवे भागवले की विकासाला हाताशी फारसे उरत नाही. १९९३ साली राज्याने केयूआयडीएफसी ही कंपनी काढली. जागतिक बँक, आशियाई विकास बँक यांच्याकडचे कर्ज आणायचे, ते शहरांना वळते करायचे आणि कामावर देखरेख ठेवायची हे तिचे काम. बेळगावला तिची ओळख झाली चोवीस तास पाण्यामुळे. जागतिक बँकेने २००४ साली मंजूर केलेल्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा इथे प्रात्यक्षिक विभाग घेतले. आपल्याकडे ५८ पैकी १० प्रभाग निवडले आणि २००८ पासून तिथे नळाला दिवसरात्र पाणी आले. उरलेल्या ४८ प्रभागांसाठीची योजना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली, आणि ती आली तेव्हा वरचे रस्ते नुकतेच झाले होते किंवा होत होते. त्याकडे पुढे येतोच.

केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर सुधारणा योजनेत कर्नाटकातून बंगळूर आणि म्हैसूर ही दोनच शहरे होती, बेळगाव नव्हते. मधल्या काळात राज्याने महापालिकांना दिलेल्या १०० कोटींच्या विशेष अनुदानावर आणि राज्याच्याच नगरोत्थान या शहरविकास योजनेवर शहर चालले. निपाणी, खानापूर यांसारख्या गावांत आजही मुख्य आधार तोच, आणि तिथे कामाची यादी जिल्हाधिकाऱ्यांकडच्या नगरविकास कक्षातून हलते.

२५ जून २०१५ ला स्मार्ट सिटी अभियान सुरू झाले आणि २८ जानेवारी २०१६ ला जाहीर झालेल्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव आले. राज्यातून त्या यादीत दुसरे फक्त दावणगेरे. २०११ च्या जनगणनेत ४ लाख ८८ हजार वस्ती असलेल्या शहरासाठी ही फार मोठी गोष्ट होती. केंद्राचे ५०० कोटी आणि तितकाच वाटा राज्य व महापालिका मिळून, म्हणजे कागदावर १,००० कोटी.

यातला पैसा शहराच्या हाती कसा पडायचा तेही सांगतो. केंद्राच्या ५०० कोटींतले २ कोटी प्रस्ताव तयार करायला आधीच दिलेले. २ टक्के, म्हणजे १० कोटी, मंत्रालयाच्या प्रशासकीय खर्चासाठी राखलेले. उरलेले पहिल्या वर्षी १९४ कोटी आणि पुढची तीन वर्षे दरवर्षी ९८ कोटी, एकूण ४८८. दुसरा हप्ता आपोआप मिळत नसे. आधीच्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, राज्याच्या वाट्याचा भरणा आणि प्रगतीचा तक्ता गेल्याशिवाय तो सुटत नसे. राज्याचा वाटा उशिरा आला की केंद्राचा थांबे, ठेकेदाराचे बिल अडके, आणि उकरलेला रस्ता तसाच पावसाळ्यात जाई. महिनोन्‌महिने अर्धवट राहिलेल्या रस्त्यामागे ठेकेदाराचा आळस असतोच असे नाही. पुष्कळदा बिलाचा हप्ता वर अडकलेला असतो.

हा पैसा महापालिकेच्या खात्यात येत नव्हता. त्यासाठी कंपनी कायदा २०१३ खाली बेळगावी स्मार्ट सिटी लिमिटेड ही कंपनी झाली, राज्य आणि महापालिका यांची ५०:५० भागीदारी. संचालक मंडळावर सरकारचे अधिकारी आणि महापालिकेचे प्रतिनिधी. मुख्य कार्यकारी अधिकारी केंद्राच्या संमतीने नेमायचा आणि त्याच संमतीशिवाय हलवायचा नाही. वर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्याची उच्चाधिकार समिती, आणि राज्याची मध्यवर्ती संस्था म्हणून पुन्हा केयूआयडीएफसी. खासदार, आमदार, महापौर, करदात्यांच्या संघटना यांच्यासाठी शहर सल्लागार मंच होता. त्याने सल्ला द्यायचा, मंजुरीचा अधिकार त्याला नव्हता.

बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचीच ही नवी आवृत्ती. पण ट्रस्टला कर्ज फेडायचे होते, त्यामुळे कोणत्या कामातून उत्पन्न येईल याचा विचार त्याला करावा लागे. स्मार्ट सिटी कंपनीला अनुदान खर्च करायचे होते. बाके, बागा, दिवे, सुशोभित चौक यांतून परत काहीच येत नाही. टिळकवाडीतल्या कलामंदिरच्या जागेवरचे व्यापारी संकुल हे त्या मानाने वेगळे काम, कारण जागा महापालिकेची आणि पुढे भाडे देणारी. अशी कामे आणखी असायला हवी होती असे मला मनापासून वाटते.

याहून गंभीर गोष्ट वेळेची. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि महापौर निवडला गेला ६ फेब्रुवारी २०२३ ला. म्हणजे स्मार्ट सिटीची कामे जोरात होती त्या जवळपास चार वर्षांत शहराला महापौर नव्हता. कंपनीत ५० टक्के भांडवल महापालिकेचे, पण सभागृहात प्रश्न विचारणारा, संचालक म्हणून टेबलाशी बसणारा लोकप्रतिनिधी नाही. सीमाप्रश्नावरच्या ठरावापायी इथले सभागृह याआधीही बरखास्त झालेले आहे, त्यामुळे प्रशासकाचा कारभार बेळगावकरांना नवा नाही. पण एवढा पैसा एवढ्या कमी काळात प्रशासकाच्या राजवटीत पूर्वी कधी गेला नव्हता.

त्याचा फटका कसा बसतो, ते शहापूरला दिसले. बँक ऑफ इंडिया सर्कलपासून जुन्या पी. बी. रोडपर्यंत रस्ता रुंद करताना खासगी जागा वापरली गेली आणि रीतसर संपादन झाले नव्हते. जागामालक उच्च न्यायालयात गेला. २०२४ साली सुमारे २० कोटींच्या भरपाईचा प्रश्न महापालिकेपुढे उभा राहिला आणि शेवटी ती जागा मालकाला परत करण्याची पाळी आली. काम स्मार्ट सिटीचे, भरपाईचे ओझे महापालिकेवर. अनुदानातून बांधकामाला पैसा मिळतो, जमिनीच्या कज्ज्याला नाही. म्हणून निविदा काढण्याआधी रस्त्याच्या दोन्ही कडांचे सीटीएस नंबर, प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणीचा नकाशा एकावर एक ठेवून बघणे हे पहिले काम. विकास आराखड्यात ८० फुटांची रेघ आहे म्हणून जागा सरकारची होत नाही. हलग्याच्या सांडपाणी प्रकल्पातही जमिनीवरूनच शेतकऱ्यांचा विरोध पेटला होता.

दुसरी चूक कामांच्या क्रमाची. खालून वर जायचे असते. आधी ड्रेनेज, मग पाण्याची पाईप, मग पावसाचे गटार, मग वीज आणि केबलचे डक्ट, आणि सर्वांत शेवटी वरचा थर. बेळगावात प्रत्येक पायरीचा मालक वेगळा आणि प्रत्येकाचा पैसा वेगळ्या वर्षी येणारा. स्मार्ट सिटीच्या अनुदानाची मुदत संपत आली म्हणून रस्ता आधी झाला, आणि पाणी योजनेची पाईप त्याच्यानंतर. काँक्रीटचा रस्ता एकदा कापला की पहिल्यासारखा होत नाही. पूर्ण स्लॅब, म्हणजे जोडापासून जोडापर्यंत साधारण साडेचार मीटर, काढून पुन्हा ओतायला हवा. प्रत्यक्षात दीड फुटाचा चर सिमेंटने बुजवतात, खालचा भराव दबतो आणि दुसऱ्या पावसात चराच्या दोन्ही कडा तुटतात. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवाराकडे काळी माती आहे, ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. तिथे काळी माती काढून मुरूम दाबून भरल्याशिवाय वरचा कोणताही थर टिकत नाही. अंदाजपत्रकात ही बाब आहे का, ते कुणीही वाचून बघू शकतो.

अभियानाची मुदत २०२१, २०२३, २०२४ अशी पुढे सरकत शेवटी ३१ मार्च २०२५ ला संपली. अनुदान थांबले, पण कमांड सेंटर, कॅमेरे, बसथांबे, बागा, व्यायामाची साधने राहिली. त्यांचे वीजबिल, माणसांचे पगार, सॉफ्टवेअरचा वार्षिक खर्च आता महापालिकेच्या पट्टीतून जायचा. ठेकेदाराची दोषदायित्वाची मुदत करारानुसार ठरते. ती चालू असेपर्यंत दुरुस्ती फुकट, संपली की आपल्या खर्चाने. म्हणून हस्तांतराची तारीख आणि दोषदायित्व संपण्याची तारीख या दोन्ही आता फार मोलाच्या आहेत. तक्रार मुदतीत, लेखी आणि फोटोसह गेली तरच ठेकेदाराची राखून ठेवलेली रक्कम अडवता येते.

या तारखा माहिती हक्काच्या अर्जाने मिळतात. कंपनी सरकारी भांडवलाची असल्याने तीही कायद्याखाली येते. अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत द्यावा, कारण कायद्याने इंग्रजी, हिंदी आणि त्या भागाची राजभाषाच मानली आहे. मराठीतला अर्ज परत आला तर महिना फुकट जातो. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, शुल्क १० रुपये. उत्तर ३० दिवसांत, न आल्यास त्यापुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. ‘आमच्या रस्त्याची सर्व माहिती द्या’ असे लिहू नये. रस्त्याचे नाव व दोन टोके लिहून कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तकाची पाने, काम पूर्ण झाल्याचा दाखला, महापालिकेकडे हस्तांतराचे पत्र आणि दोषदायित्व संपण्याची तारीख, एवढेच मागावे. हस्तांतराचे पत्र नाही असे उत्तर आले तर तेच उत्तर जोडून प्रभागाच्या नगरसेवकाला द्यावे आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत तो विषय घ्यायला लावावा. सभागृह आता आहे, तिथे विचारलेला प्रश्न इतिवृत्तात येतो.